मानशीवर

पस्तीस वर्षं मी चोडणच्या शाळेत
'खरा मित्र' हा निबंध लिहून घेतला.
दर साली कोणीतरी लिहायचंच:
संकटात धावून येतो तो खरा मित्र.
मी तांबड्या शाईने खूण करायचो,
अक्षर बरं असलं तर दहापैकी सात.

आज नात वही घेऊन आली.
'आजोबा, पहिली ओळ सांगा.'
आणि मला ती ओळ देववत नाही.

कायतानशी माझं बिनसलं ते मानशीच्या पावणीवरून.
शब्दकोशात मानस म्हणजे मन.
आमच्या बेटावर मानस म्हणजे
बांधात बसवलेलं लाकडी दार:
भरती आली की आपसूक मिटतं,
ओहोटीला उघडून शेतातलं पाणी नदीत सोडतं,
आणि दाराशी जाळं लावील त्याला सुंगटं मिळतात.
त्या सुंगटांचा लिलाव. तीनशे रुपयांचा घोळ.
मी चारचौघांत त्याला लबाड म्हणालो,
त्याने माझ्या बापाचा उद्धार केला.
पुढची सात वर्षं आम्ही
एकाच फेरीबोटीच्या दोन कठड्यांना उभे राहिलो.

पाचव्या वर्षी, अमावास्येच्या उधाणात,
बांधाला खिंडार पडलं.
रात्री अडीचला माझ्या खिडकीवर काठी वाजली.
कंदील. त्याच्यामागे कायतान, कमरेपर्यंत चिखल.
उजाडेपर्यंत आम्ही मातीचे गोळे
या हातातून त्या हातात देत होतो.
त्याची बोटं लागायची, गार, खरखरीत.
शब्द एकही नाही.
कोरगुटाचं भात वाचलं, त्याचं आणि माझं.
सकाळी तो त्याच्या घरी गेला, मी माझ्या,
आणि आणखी दोन वर्षं आम्ही बोललो नाही.

म्हणजे बघ पोरी,
संकटात वैरीसुद्धा येतो.
त्याचंही शेत त्याच पाण्याखाली असतं.

मग एक मंगळवार. काजूला मोहोर होता,
म्हणजे फेब्रुवारी असेल.
कोणी मेलं नव्हतं, कोणाचं लग्न नव्हतं,
बांध शाबूत, दोन्ही घरांत सगळी धडधाकट.
तो आला आणि सोप्यावर बसला.
म्हणाला, 'तुझ्या आंब्यावर मुंगळे चढलेत.'
मी म्हणालो, 'चढू देत.'
तुझ्या आजीने न विचारता दोन कप आणले,
त्याच्या कपात साखर कमी.
सात वर्षं तिने ते कुठे जपून ठेवलं होतं, कुणास ठाऊक.

माफी कोणीच मागितली नाही.
पुढे जुनी डायरी चाळताना दिसलं,
बेरीज माझीच चुकली होती. मास्तराची!
तीनशे रुपये पाकिटात घालून गेलो
तर त्याने पाकीट माझ्या खिशात परत कोंबलं:
'हे फेडलंस तर मी तुला
कशावरून बोलायचं रे म्हातारपणी?'

ते पाकीट अजून कपाटात आहे.

त्याची मुलं लिस्बनला, घराच्या अर्ध्या खोल्यांना कुलूप.
उजवा कान तेवढा शाबूत, म्हणून मी उजवीकडे बसतो.
मी बोलतो त्यातलं अर्धं त्याला ऐकू येतं,
उरलेलं तो पदरचं घालतो,
आणि पुष्कळदा ते माझ्यापेक्षा बरं असतं.
काही दिवस आम्ही बोलतच नाही.
तेही बोलणं न होण्याची सात वर्षं
भोगल्याशिवाय जमत नसावं. कोण जाणे.

'आजोबा, ओळ!'
लिही: खरा मित्र काही काम नसताना येतो.
'बाई गुण कापतील.'
कापू देत.

तिने जरा वेळ पेन्सिल चावली,
माझ्याकडे पाहिलं,
आणि जुनीच ओळ लिहिली, नीट, समासाला धरून.
अक्षर सुरेख आहे. सात मिळतील.

मी काठी उचलली.
आज साडेपाचला ओहोटी लागते, दार उघडेल,
आणि तो माणूस उशीर झाला तर
वाट बघत बसत नाही,
शिव्या देत बसतो.